उणे ३१, बंद पडलेली गाडी आणि दाराबाहेर न जाणारा कुत्रा

निद्रानाशी | मंगळवार, सकाळी ६:४२

मंडळी, चार दिवस झाले, पारा उणे २५ च्या वर यायचं नाव काढत नाही. आज पहाटे उणे ३१. दोन रडगाणी आहेत आणि दोन्ही एकाच धाग्यात गाते, कारण माझ्या डोक्यात ती आता वेगळी राहिलेली नाहीत.

पहिलं गाडीचं. पेट्रोल गाडी, बॅटरी सहा वर्षांची. काल संध्याकाळी कुंथत कुंथत सुरू झाली होती. आज किल्ली फिरवली तर नुसतं टक् टक् टक्, आणि डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणत मिणमिणत गेले.

दुसरं ढब्बूचं. वय अकरा, अंगावर केस बेताचे, पोट मात्र बेताचं नाही. दार उघडलं की नाक बाहेर काढतो, वास घेतो आणि माझ्याकडे असा बघतो की जणू ही थंडी मीच बाहेर सोडून ठेवली आहे. काल चार पावलं टाकली आणि पुढचा उजवा पंजा वर धरून तिथेच उभा राहिला. उचलून आत आणावा लागला. त्याचं वजन १९ किलो, माझी कंबर ४६ वर्षांची.

शेजारचे काका नऊ वाजता जंपर केबल घेऊन येतायत. तोवर कुणी काही सुचवेल का?

चष्मिष्ट | सकाळी ६:४९

पारा उणे ३९ च्या जरासा अलीकडे स्वतःच गोठतो. म्हणजे 'पारा घसरला' म्हणायला तुमच्याकडे अजून सात-आठ अंश शिल्लक आहेत. नंतर तो घसरणार नाही, आहे तिथेच बसेल. (हलके घ्या. सकाळी सकाळी एवढंच सुचतं.)

खटपट्या | सकाळी ६:५५

टक् टक् म्हणजे बॅटरीच, दुसरं काही शोधत बसू नका. उणे १८ ला लेड-ॲसिड बॅटरीची ताकद निम्म्याच्या आसपास येते, आणि नेमकं तेव्हाच इंजिनातलं तेल घट्ट झाल्यामुळे स्टार्टरला जास्त जोर लागतो. एका बाजूने पगार कापला, दुसऱ्या बाजूने भाडं वाढलं. मल्टीमीटर असेल तर लावून बघा. गाडी रात्रभर बंद असताना १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. केबल लावायची, दहा मिनिटं शेजाऱ्यांची गाडी चालू ठेवायची, मग मारायचा स्टार्टर.

जुनी_गाडी | सकाळी ७:०८

खटपट्या, जरा दमानं. ताई, केबल अजून लावू नका. आधी टॉर्च घेऊन जा आणि बॅटरी डोळ्यांनी बघा.

कारण असं की भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड तीव्र असतं, ते उणे ५० च्याही खाली गोठतं. पण बॅटरी जसजशी उतरते तसतसं आतलं ॲसिड पातळ होत जातं. पूर्ण उतरली की आत जवळपास पाणीच उरतं, आणि ते उणे १० च्या आगेमागे गोठतं. काल संध्याकाळी तुमची गाडी कुंथली, म्हणजे बॅटरी तेव्हाच उतरलेली होती. त्यानंतर ती उणे ३१ मध्ये रात्रभर उघड्यावर उभी. गोठली नसेल तर नवल.

गोठलेल्या बॅटरीत जंपर केबलने करंट ढकलला तर ती फुटू शकते, आणि फुटली की ॲसिड तोंडावर येतं. तेव्हा बघायचं ते हे: डबा बाजूने फुगलाय का, झाकण उचललंय का, कुठे चीर आहे का. यातलं काहीही दिसलं तर तिला चार्जर नाही, केबल नाही, सरळ निरोप. आणि बघायला काडी किंवा लायटर पेटवायचा नाही. बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण मी एकाला भुवया जाळून घेताना पाहिलंय.

निद्रानाशी | सकाळी ७:३४

जाऊन आले. जुनी_गाडी काका, तुमचे पाय कुठे आहेत? एका बाजूचं पोट चांगलं बोटभर पुढे आलंय. नऊ वाजता केबल लावणारच होतो आम्ही.

पण आणखी एक सापडलं. बॅटरीच्या शेजारी, इंजिनाच्या आवरणावर केसांचा पुंजका. राखाडी, मऊ. ढब्बू तपकिरी आहे.

चष्मिष्ट | सकाळी ७:३७

उंदीर?

निद्रानाशी | सकाळी ७:४०

आमच्या रस्त्यावर एक राखाडी बोका फिरतो. कुणाचाच नाही. काल संध्याकाळी मी गाडी लावली तेव्हा तो कुंपणावर बसून बघत होता. इंजिन गार व्हायची वाट बघत असणार. म्हणजे आज गाडी सुरू झाली असती तर...

मनीमाऊ | सकाळी ७:४६

ते वाक्य पूर्ण करू नका. बॅटरीने त्याचा जीव वाचवला म्हणा. यापुढे रोज स्टार्टर मारण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारायच्या, हॉर्न वाजवायचा आणि दहापर्यंत मोजायचं. लगेच किल्ली फिरवली तर उपयोग नाही, घाबरलेलं मांजर आधी आणखी आत शिरतं.

आता माझा प्रश्न. गाडीखाली काही सांडलंय का? हिरवं, गुलाबी, नारिंगी, कुठल्याही रंगाचं? कृपया आत्ता जाऊन बघा. का ते मग सांगते.

निद्रानाशी | सकाळी ७:५८

आहे. पुढच्या डाव्या चाकाच्या आत, बर्फावर हिरवट डाग. बशीएवढा. आणि त्याच्या कडेला मांजराच्या पायांचे ठसे.

मनीमाऊ | सकाळी ८:०१

बोका शोधा. आधी बोका, मग बाकी सगळं.

पंजा_आणि_शेपूट | सकाळी ८:०९

मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते, म्हणून मध्ये पडते.

हिरवं म्हणजे बहुधा कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव, यालाच अँटीफ्रीझ म्हणतात), आणि बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. चवीला गोड. पाण्याची भांडी गोठलेली असतात तेव्हा न गोठलेलं, गोडसर असं एकच डबकं सापडलं तर तहानलेलं जनावर ते चाटणारच. मांजराला शुद्ध ग्लायकॉल किलोमागे साधारण दीड मिलिलिटर म्हणजे मरण. चार किलोच्या बोक्याला एक चहाचा चमचा. गाडीत ते पाणी घालून निम्मं केलेलं असतं, म्हणून दोन चमचे धरा. कुत्र्याला किलोमागे याच्या तिप्पट-चौपट लागतं, एवढाच फरक. काही उत्पादक त्यात कडू द्रव्य घालतात, त्यावर विसंबू नका.

पहिली लक्षणं दारू प्यायल्यासारखी. झोकांड्या, लाळ, उलटी, खूप तहान. मग कुत्रा सावरल्यासारखा वाटतो आणि माणसं सुटकेचा निःश्वास टाकतात. त्याच वेळी आत मूत्रपिंडं निकामी होत असतात. उतारा आहे, पण मांजराला तो पोटात गेल्यापासून तीन तासांच्या आत मिळाला पाहिजे. कुत्र्याला आठ ते बारा तास मिळतात. म्हणजे लक्षणांची वाट बघायची नाही. घरी उलटी काढायचा प्रयत्न करू नका. दवाखान्यात निघण्यापूर्वी फोन करा आणि 'अँटीफ्रीझचा संशय' एवढे शब्द पहिल्या वाक्यात सांगा. कूलंटचं लेबल मिळालं तर त्याचा फोटो न्या.

निद्रानाशी | सकाळी ८:५२

मिळाला. मागच्या पायऱ्यांखाली होता. धुण्याची बास्केट आणि जुना टॉवेल, दोन ओरखडे माझ्या हातावर. झोकांड्या जात नाहीये, पण ठसे केव्हाचे कुणास ठाऊक. शेजारचे काका केबल घेऊन आले होते. केबल त्यांच्याच डिकीत राहिली, त्यांच्याच गाडीत मी आणि बास्केट. निघतोय.

खटपट्या | सकाळी ९:१०

ताई, माझा पहिला सल्ला मागे घेतो. 'लावा केबल' हे मी दर हिवाळ्यात दहा जणांना तरी सांगत आलोय.

जुनी_गाडी | सकाळी ९:२२

चालतंय रे. मीही तिशीत तेच सांगायचो.

ताई परत येईपर्यंत त्या डागाबद्दल लिहून ठेवतो. मुख्य टाकी फुटली असेलच असं नाही. कडाक्याच्या थंडीत रबरी नळी आकसून कडक होते आणि क्लिपची पकड सैल पडते. गाडी गार असताना थेंब थेंब गळतं, इंजिन तापलं की नळी फुगून गळती आपोआप बंद. म्हणून गॅरेजवाल्याला काही सापडत नाही आणि तो तुमच्याकडे संशयाने बघतो. गाडी रात्रभर त्याच्याकडे उघड्यावर ठेवायची आणि सकाळी गार असताना बघायला लावायचं. डागावर पाणी ओतून पसरवू नका. रंगीत बर्फ खाली जमिनीपर्यंत खरवडून बादलीत भरा आणि झाकण लावा. फरशी असेल तर मांजराच्या शौचाची माती टाकून शोषून घ्या.

हीच माती, पण गोळे न होणारी, डिकीत एक पिशवी असू द्यावी. चाक बर्फावर जागच्या जागी फिरायला लागलं की त्याखाली टाकता येते. गोळे होणारी घेतलीत तर ओली होऊन चिखल होतो आणि गाडी आणखी घसरते.

विजेवर_स्वार | सकाळी १०:०५

आमच्याकडे बॅटरी हीच गाडी, त्यामुळे आमची दुःखं वेगळी. शून्याखाली लिथियमची बॅटरी जोरात चार्ज केली तर आत लिथियमचा थर जमून ती कायमची बिघडते. म्हणून गाडीच चार्जिंगचा वेग कमी करते आणि आपल्याला वाटतं चार्जर बिघडलाय. निघायच्या आधी, वायर लावलेली असतानाच गाडी आतून तापवून घ्या. तरी पल्ला एक तृतीयांश घटेल असं धरूनच निघायचं. इंजिन नाही, कूलंट नाही असं कुणी म्हणेल तर तेही खोटं. आमच्यातही कूलंट असतं.

डिझेल_माझं_आडनाव | सकाळी १०:२०

डिझेलवाले आहेत का कुणी? माझी काल सुरू झाली, पाचशे मीटर गेली आणि बसली. डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर चोंदला. टाकीत शरद ऋतूत भरलेलं डिझेल होतं, चूक माझीच. गोठू नये म्हणून घालायचं औषध गोठायच्या आधी घालावं लागतं, नंतर घालून ते मेण वितळवत नाही. गाडी एका मित्राच्या गरम गॅरेजात रात्रभर ठेवली, फिल्टर बदलला, आता बरी आहे.

मनीमाऊ | सकाळी १०:४१

ताईचा अजून निरोप नाही.

मघाशी 'मग सांगते' म्हटलं होतं. सात वर्षांपूर्वी आमची चिंगी अशीच गेली. गळती आमच्याच गाडीची होती. दोन आठवडे कूलंट कमी होतंय हे आम्हाला दिसत होतं आणि आम्ही फक्त वरून भरत होतो. ते जातंय कुठे हा प्रश्न घरात कुणालाच पडला नाही. ती सोमवारी जरा लडबडली, मंगळवारी कोपऱ्यात बसून राहिली. आम्हाला वाटलं थंडीने गारठलीय. हीटरजवळ गादी सरकवली. बुधवारी डॉक्टरांनी रक्त बघितलं आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

तेव्हापासून मी गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवते. सकाळी पुठ्ठा बघायचा, मग चहा. पुठ्ठा खोटं बोलत नाही.

निद्रानाशी | दुपारी १२:१५

आलो परत. तपासणीत रक्तात ग्लायकॉल सापडलं नाही. तरी आजचा दिवस आणि रात्र तिथेच ठेवून घेतायत, उद्या मूत्रपिंडांची तपासणी पुन्हा करतील. दोन्ही कानांची टोकं हिमदंशाने पांढरी पडली होती, ती चार-पाच दिवसांत काळी पडून कदाचित झडतील म्हणाले. त्यांना नाव हवं होतं. मी घाईत 'बॅटरी' म्हणून सांगितलं. आता कागदावर तेच आहे.

मनीमाऊ, तुमचा प्रतिसाद मी आत्ता वाचला. काय लिहू कळत नाही.

पंजा_आणि_शेपूट | दुपारी १२:४०

वेळेत नेलंत. आता ढब्बूकडे वळू, तो बिचारा धाग्याच्या तळाशी गेला.

पंजा वर धरून उभा राहिला म्हणजे तीनपैकी एक. बोटांमधल्या केसांत बर्फाच्या गोळ्या अडकल्या, रस्त्यावरचं मीठ झोंबलं, किंवा नुसता गारठला. आत आणल्यावर चारही पंजे कोमट पाण्यात बुडवून, बोटांच्या मधून बोट फिरवून पुसा. मीठ तसंच राहिलं तर तो चाटतो आणि पोट बिघडतं. बोटांमधले केस पंजाच्या गादीच्या पातळीला कापून घ्या.

अंगाला हात लावून बघा. कान, शेपटीचं टोक, पंजे फिकट, गार आणि कडक वाटले तर हिमदंश समजा. चोळायचं नाही, हेअर ड्रायर नाही, कोमट पाण्याचा ओला कपडा आणि डॉक्टर. कापत असेल तर आत घ्या. कापत होता आणि आता कापायचा थांबलाय, सुस्त पडलाय, तर ते बरं झाल्याचं लक्षण समजू नका. शरीराने हात टेकले आहेत. कुत्र्याचं तापमान एरवी ३८ ते ३९ असतं, ३७ च्या खाली गेलं की दवाखाना.

अकरा वर्षांच्या, कमी केसांच्या कुत्र्याला या थंडीत पाच मिनिटं पुष्कळ झाली. दारालगत अंगणाचा एक तुकडा जमिनीपर्यंत साफ करून द्या. फिरणं विसरा, आटोपणं महत्त्वाचं.

चष्मिष्ट | दुपारी १२:५२

एक शंका, या वेळी खरी. बातम्यांत 'जाणवणारी थंडी' उणे ३९ सांगतात आणि थर्मामीटर उणे २५ दाखवतो. गाडीला यातली कुठली लागू?

जुनी_गाडी | दुपारी १:१०

गाडीला थर्मामीटरची. उणे २५ आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला उणे ३९ सारखं लागतं, तो हिशेब उबदार शरीराचा आहे. वाऱ्यात गाडी लवकर गार होते, पण हवेपेक्षा जास्त गार होऊ शकत नाही. तेव्हा ढब्बूसाठी बातमीतला आकडा बघा, बॅटरीसाठी थर्मामीटरचा. (बोक्यासाठी नाही, गाडीच्या बॅटरीसाठी. हे नाव पुढे गोंधळ घालणार आहे.)

निद्रानाशी | दुपारी २:०५

नवी बॅटरी घ्यायची तर काय बघू? आणि कूलंट बदलताना पाणी न घालता शुद्धच भरलं तर जास्त थंडी सोसेल ना?

जुनी_गाडी | दुपारी २:३०

बरं झालं विचारलंत. उलट आहे ते. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ ला गोठतं. निम्मं पाणी घातलं की मिश्रण उणे ३७ पर्यंत टिकतं. ६० टक्के ग्लायकॉल असेल तर उणे ५० च्या पुढे. ७० टक्क्यांच्या पुढे वाढवायला गेलात की आकडा परत वर चढायला लागतो. तुमच्याकडे उणे ३१ होतंय तर ६० टक्के करून घ्या.

बॅटरीवर कोल्ड क्रँकिंगचा आकडा छापलेला असतो. उणे १८ ला सलग ३० सेकंद किती अँपिअर देईल तो. गाडीच्या पुस्तकात लिहिलाय त्याहून कमी घ्यायचा नाही, खोक्यात बसेल तेवढा जास्त घ्या. तेल ०W चं टाका. W म्हणजे हिवाळा. ०W ची चाचणी उणे ३५ ला होते, १०W ची उणे २५ ला. तुमच्या पहाटेला १०W म्हणजे स्टार्टरवर अन्याय. आणि ब्लॉक हीटर (इंजिन उबदार ठेवणारा विजेचा हीटर) बसवा. रात्रभर चालू ठेवायची गरज नसते, टायमर लावून निघायच्या तीनेक तास आधी पुरे.

टायरची हवाही बघा. दर साडेपाच अंशाला साधारण एक पीएसआय उतरते. १० अंशांच्या दिवसात भरलेली असेल तर आज सातेक पीएसआय कमी आहे.

खटपट्या | दुपारी २:४४

हँडब्रेकचं मी सांगतो, एवढं तरी बरोबर सांगेन. सपाट जागी लावू नका, केबल गोठून चाकं अडकतात. गिअरमध्ये ठेवा. कुलूप गोठलं तर गरम पाणी नको, पाच मिनिटांत दुप्पट गोठतं. दाराच्या रबराला सिलिकॉन चोळा. गाडी वीस मिनिटं उभ्या उभ्या तापवत बसायचं का यावर माझं आणि काकांचं भांडण जुनं आहे, ते इथे नको.

पोपटपंची | दुपारी ३:२०

घराला लागून गॅरेज असलेल्यांसाठी: दार उघडं असलं तरी आत गाडी तापवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि घरात पक्षी असेल तर पहिला तोच जातो. बाहेर उभ्या गाडीतही एक्झॉस्टचा पाइप बर्फाने बुजला नाही ना, ते आधी बघा. नवा हीटर घेताना आत नॉनस्टिकसारखा लेप नाही ना हेही विचारा. तो तापून निघणारा धूर माणसाला जाणवतही नाही, पोपट मात्र दगावतो.

निद्रानाशी | शुक्रवार, रात्री ९:३०

धाग्याला तोंड दाखवायला उशीर झाला, माफी.

नळीची क्लिपच सैल होती. जुनी_गाडी काकांनी सांगितलं तसं गाडी रात्रभर गॅरेजवाल्याच्या अंगणात ठेवली, सकाळी थेंब त्याच्याच बोटावर पडला. नवी बॅटरी बसली. पुठ्ठा अंथरलाय. ढब्बूला बूट आणले. पहिल्या दिवशी तो घोड्यासारखा पाय उचलून चालला, तीन बूट घरी आले, चौथा वसंतात सापडेल.

बॅटरी (बोका) सुखरूप आहे. मूत्रपिंडं ठीक. घरात ठेवून पाहिला. तो पडद्यावर, ढब्बू पलंगाखाली, आणि दोघंही तीन तास तिथेच. शेवटी मागच्या ओट्यावर खोकं केलं. आतून थर्माकोल, दार जेमतेम मांजर जाईल एवढं आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूला. मी चादर घालणार होते.

मनीमाऊ | रात्री ९:३६

चादर नको! दमट होऊन गोठते. पेंढा घाला. वाळलेला चारा नव्हे, पेंढा. त्याच्या काड्या पोकळ असतात, ओल धरत नाहीत. आणि खोकं लहानच हवं, त्याच्याच अंगाच्या उबेने तापलं पाहिजे.

निद्रानाशी | रात्री ९:५१

हो, दवाखान्यातही तेच सांगितलं. पेंढाच घातलाय. दोन दिवस तिकडे फिरकला नाही, मला वाटलं मेहनत वाया गेली. आत्ता कचरा टाकायला गेले तेव्हा खोक्यात हात घालून पाहिला. रिकामं होतं. पण मधोमध खळगा पडलाय, आणि तो कोमट होता.